पासवर्ड मोठ्यानं सांगू नये

कॉलनीत त्यांना कुलूपराव म्हणत. तोंडावर म्हणत नसत, एवढीच काय ती सभ्यता. बाहेर निघताना हा गृहस्थ दाराला कुलूप लावी, ओढून पाही, जिना उतरे, अर्ध्यावरून परत चढे, पुन्हा ओढून पाही आणि मग बायकोला विचारी, "ओढून पाहिलं ना मी?"

"पाहिलंत," ती म्हणे. "आता एक दिवस कुलूपच हातात येईल."

नोकरीही स्वभावाला शोभेल अशीच मिळाली होती. पाणीपुरवठा खात्याच्या अभिलेख कक्षाचे ते प्रमुख होते. अभिलेख म्हणजे गंजून, बदलून, कधीच निकामी झालेल्या नळजोडण्यांच्या फायली. त्या चोरायला आजवर एकही चोर फिरकला नव्हता, आणि याचं सगळं श्रेय कुलूपराव स्वतःच्या बंदोबस्ताला देत.

अशा सुरक्षित संसारात एका रविवारी मेव्हणा चहाला आला आणि सगळं बिनसलं.

मेव्हण्याचं नाव छोटू. पन्नाशीला टेकलेला, दारातून वाकून आत येणारा हा माणूस लहानपणी कधीतरी खरंच छोटा असावा. बायकोच्या माहेरी ती बातमी अजून जुनी झाली नव्हती. त्याचं नळ, शॉवर, बेसिन असल्या सामानाचं दुकान होतं. स्वतःच्या दुकानाच्या किल्ल्या कुठे ठेवल्या ते त्याला रोज सकाळी नव्यानं शोधावं लागे. तर या छोटूनं बशीत चहा ओतता ओतता खिशातून मोबाइल काढला आणि म्हणाला, "दाजी, हे बघा. माझा वर्षाचा सगळा खर्च."

पडद्यावर एक सुंदर वर्तुळ होतं. त्याचे रंगीत तुकडे पाडलेले.

"हा निळा तुकडा कसला?" कुलूपरावांनी विचारलं.

"पेट्रोल."

"आणि हा एवढा मोठा गुलाबी?"

"ते मलाही अजून कळलं नाही," छोटू मोकळेपणानं म्हणाला. "पण दिसतोय छान, नाही?"

छोटू गेला, पण वर्तुळ गेलं नाही. कुलूपरावांचे आर्थिक व्यवहार एका बुटाच्या खोक्यात राहत. पावत्या, पॉलिस्या, बँकेची पत्रं, सगळं त्यात दाबून वरून रबर लावलेलं. ज्याला गुलाबी तुकडा कशाचा ते सांगता येत नाही, त्याचा खर्च गोल आणि रंगीत. आणि आयुष्यभर दुसऱ्यांच्या फायली सांभाळणाऱ्याचा खर्च आठ नंबरच्या बुटाच्या जागी? कुलूपरावांना रात्रीचं जेवण गेलं नाही. बायकोला त्यांनी सांगितलं, "आपण हिशेबाचं सॉफ्टवेअर घ्यायचं. पण छोटूसारखं नव्हे. नीट पारखून."

'नीट पारखून' हे शब्द ऐकून बायकोनं सुस्कारा सोडला. या घरात मिक्सर नीट पारखून घेतला होता तेव्हा ती वर्षभर पाट्यावर वाटत होती.

पारखण्याची सुरुवात शेजारापासून झाली. तळमजल्यावर बँकेतून निवृत्त झालेले मॅनेजरकाका राहत. ते दार उघडतानाच म्हणाले, "फुकटचं घेऊ नका. दुकानात फुकट मिळालं की समजायचं, विकला जाणारा माल आपणच." कुलूपरावांना हे इतकं पटलं की ते तिथेच खुर्चीत बसले. मग काकांनी जवळजवळ सूर्यास्तापर्यंत, आपण नोकरीत असताना पकडलेल्या एका खोट्या सहीची गोष्ट सांगितली. तिचा सॉफ्टवेअरशी संबंध नव्हता, पण सही मात्र खरोखरच फार बेमालूम होती.

वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंचं मत उलट. "काका, सगळी खाती एका ॲपला जोडून टाकायची आणि विसरून जायचं. मी तर बघतही नाही."

"बघत नाही, मग जोडता कशाला?"

"म्हणजे बघायला लागू नये म्हणून!"

समोरच्या घरातले गणिताचे सर म्हणाले की, सॉफ्टवेअर वगैरे थोतांड आहे, साधा तक्ता करावा, सूत्रं आपली आपण घालावीत. त्यांनी स्वतः केलेला तक्ता उघडून दाखवला. त्यात सरांकडे या घडीला उणे सात घरं असल्याचं दिसत होतं. "कुठेतरी चिन्ह चुकलंय," सर म्हणाले आणि कुलूपरावांना विसरून तक्त्यात शिरले.

मग कुलूपरावांनी स्वतःच प्रयोग सुरू केले. पहिल्या ॲपनं उघडताक्षणी फोटो, फोनमधले सगळे नंबर आणि आपण या क्षणी कुठे उभे आहोत ते पाहायची परवानगी मागितली. "भाजीचा हिशेब लिहायला माझे फोटो कशाला?" असं फोनला खडसावून त्यांनी प्रत्येक प्रश्नाला 'नाही' दाबलं. ॲप हिरमुसलं आणि बंद पडलं.

दुसरं ॲप बँकेचे मेसेज वाचून खर्चाची आपोआप वर्गवारी करणारं होतं. महिनाअखेर त्यानं कळवलं की तुमचा बागकामावरचा खर्च वाढतो आहे. कुलूपराव चक्रावले. घरात एक कुंडी होती, तीही रिकामी. शोध घेता कळलं की त्यांच्या केस कापायच्या दुकानाचं नाव 'हिरवळ' होतं.

बायकोनं त्यांच्या डोक्याकडे पाहिलं. "बाग उरलीय कुठे आता," ती म्हणाली, "पण माळ्याला पैसे द्यायलाच हवेत."

तिसऱ्या कंपनीची सगळी माहिती घ्यायची असं ठरवून त्यांनी तिच्या ग्राहकसेवेशी लेखी संवाद साधला. आमची माहिती कुठल्या इमारतीत ठेवता, तिथे पहारा असतो का, पहारेकऱ्याची चौकशी कोण करतं, असे एकाहून एक रास्त प्रश्न त्यांनी विचारले. उत्तरं झटपट आणि गोड येत होती. शेवटी त्यांनी विचारलं, "ताई, तुम्ही स्वतः तुमचे पैसे या कंपनीच्या भरवशावर ठेवाल का?" उत्तर आलं, "मी यंत्र आहे. माझ्याकडे पैसे नाहीत." कुलूपरावांना त्या उत्तरातला प्रामाणिकपणा आवडला, पण कंपनी नापास झाली.

आणि मग एके दिवशी त्यांना हवं ते सापडलं. हे सॉफ्टवेअर विकत घ्यायचं होतं, फोनवर नव्हे तर घरच्या संगणकावरच राहणारं होतं, आणि आतली सगळी माहिती कुलूपबंद ठेवणारं होतं. कागदपत्रांचे फोटोही त्यात ठेवता येत. खाली बारीक अक्षरात इशारा होता: 'मुख्य पासवर्ड आम्हालाही माहीत नसतो. आपण तो विसरलात, तर आम्ही काहीही करू शकत नाही.' हे वाक्य वाचून इतर गिऱ्हाइकं घाबरून पळत असतील. कुलूपराव ते वाचून प्रेमातच पडले.

पासवर्ड लांबलचक असावा, कुणाला सुचू नये आणि आपण कधी विसरू नये, अशी सूचना होती. जन्मतारखा, बायकोचं नाव, घर नंबर हे सगळं चोरांना पाठ असतं असं त्यांचं मत. मग त्यांनी विचार केला, अशी कुठली गोष्ट आहे की जी आपण कायम मनात म्हणतो, पण जगात कुणापुढे कधीच बोललो नाही? उत्तर लगेच सापडलं. लग्न झाल्यापासून दर भेटीला, दर सणासमारंभाला, दर फोननंतर ते मनात एकच वाक्य म्हणत आले होते. ते त्यांनी इंग्रजी अक्षरांत, सलग टाइप केलं: छोटूला काडीची अक्कल नाही.

सॉफ्टवेअर म्हणालं, एक अक्षर मोठं हवं. त्यांनी 'अक्कल'मधला पहिला ए मोठा केला. सॉफ्टवेअर म्हणालं, एखादं चिन्हही हवं. त्यांनी शेवटी उद्गारचिन्ह दिलं. सॉफ्टवेअरनं हिरवी पट्टी दाखवून लिहिलं, 'अतिशय भक्कम.' कुलूपराव म्हणाले, "अगदी माझ्या मनातलं."

एकदा तटबंदी बांधायला घेतली की माणूस एका भिंतीवर थांबत नाही. त्यांनी संगणकाच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी मारली. बँकेत जाऊन, फोनवरून दिवसाला पाठवता येणाऱ्या रकमेची मर्यादा इतकी खाली आणली की तेवढ्यात फार तर दोन माणसांचा नाश्ता व्हावा. कार्ड एरवी बंद राहील आणि लागेल तेव्हा सांकेतिक क्रमांक टाकूनच उघडेल अशी सोय केली. तो क्रमांक ज्या दुसऱ्या, जुन्या फोनवर येणार तो फोन त्यांनी कपाटात ठेवला, कारण बरोबर बाळगलेला फोन चोरीला जाऊ शकतो. कपाटाची किल्ली खिशात. आणि शेवटी कागद फाडायचं यंत्र आणून, खोक्यातल्या एकूण एक कागदाचा फोटो सॉफ्टवेअरमध्ये घेऊन, कागदांच्या शेवया केल्या.

"पॉलिसीपण?" बायकोनं विचारलं.

"ती तर आधी. कागद म्हणजे चोराला आमंत्रण."

"आणि मला काही बघायचं झालं तर?"

"मला सांगायचं. मी उघडून देईन."

"आणि तुम्ही नसलात तर?"

"मी कुठे जातोय?" कुलूपराव म्हणाले. पासवर्ड तिला सांगायला त्यांची हरकत नव्हती. पण सख्ख्या भावाबद्दलचं वाक्य सख्ख्या बहिणीला कसं सांगणार? तेव्हा 'सुरक्षेचे नियम' असं मोघम म्हणून त्यांनी विषय बदलला. बायको काही बोलली नाही. बायको काही बोलली नाही म्हणजे विषय संपला, असं इतकी वर्षं संसार करूनही त्यांना वाटत होतं.

पुढच्याच आठवड्यात कार्यालयात असताना मॅनेजरकाकांचा फोन आला. बायकोच्या पोटात भयंकर दुखत होतं आणि काका तिला रिक्षात घालून हॉस्पिटलात घेऊन चालले होते. कुलूपराव अभिलेख कक्षाला कुलूप न लावता धावले, यावरून काय ते समजावं. हॉस्पिटलात पोचेपर्यंत निदान झालं होतं. अपेंडिक्स. ऑपरेशन आजच करायचं.

बायको चाकांच्या खाटेवर पडली होती, चेहरा पांढरा, पण नवऱ्याला पाहून म्हणाली, "डबा खाल्लात का?" कुलूपरावांना गलबलून आलं. त्यांनी तिचा हात धरला आणि दुसऱ्या हातानं तिची खाट ढकलत, खाट नेणाऱ्या माणसाच्या पायावरून चाक घालत, ते विम्याच्या खिडकीपाशी पोचले.

"पॉलिसीचा नंबर?" खिडकीतल्या मुलीनं विचारलं.

"तो मी असा उघड्यावर घेऊन फिरत नाही," सवयीनं ते म्हणाले.

"मग आगाऊ रक्कम भरा."

कार्ड दिलं. कार्ड बंद. उघडायचा क्रमांक कपाटातल्या फोनवर, कपाटाची किल्ली इथे खिशात. फोनवरून पैसे पाठवायला गेले तर बँकेनं विनम्रपणे कळवलं की आपणच घालून दिलेल्या मर्यादेचं आम्ही पालन करत आहोत. मागे रांग वाढत होती. रांगेतले लोक आता कुलूपरावांकडे, चोराकडे पाहावं तसे पाहू लागले. चोरापासून वाचण्यासाठी ज्यानं एवढं केलं, त्याच्या वाट्याला हे यावं!

"छोटूला फोन लावा," खाटेवरून बायको म्हणाली. "तो घरीच आहे आपल्या. माझे कपडे आणायला सांगितलंय."

"घरी? आत कसा गेला?"

"त्याच्याकडे किल्ली असते."

"आपल्या घराची? कधीपासून?"

"अहो, माझं पोट दुखतंय," बायको म्हणाली, आणि तो प्रश्न कायमचा मागे पडला.

छोटूनं पहिल्या घंटेला फोन उचलला. "दाजी, ताई कशी आहे? पैसे लागतायत का? मी येतो घेऊन."

"नको, नको!" कुलूपरावांचा स्वाभिमान एवढ्यातही जागा होता. "आधी संगणक चालू कर. हिशेबाचं सॉफ्टवेअर उघड. त्यात पॉलिसीचा फोटो आहे, वरचा नंबर वाच फक्त."

"उघडलं. पासवर्ड मागतंय."

कुलूपरावांनी बायकोकडे पाहिलं. तिनं डोळे घट्ट मिटले होते आणि कपाळावर घाम होता. त्यांनी फोनवर हाताचा आडोसा केला.

"लिही. सी, एच, ओ, टी, यू."

"अं? काही ऐकू नाही येत. मोठ्यानं बोला दाजी, ताईची स्कॅनची मशीन चालू आहे का मागं?"

"सी! एच! ओ! टी! यू!"

पलीकडून पाच टकटक ऐकू आल्या. मग छोटूचा आवाज वेगळाच आला, घोगरा. "दाजी... माझं नाव? तुम्ही माझं नाव ठेवलंत पासवर्डला?"

"पुढे आहे अजून," कुलूपराव कसंबसं म्हणाले.

"नाही, पण एवढं कुणी... म्हणजे मला वाटायचं की तुम्हाला मी फारसा..."

"छोटू, पुढे लिही! एल, ए."

"छोटूला," छोटू आनंदानं म्हणाला. "पुढं?"

ज्याच्या घशात काटा अडकलाय त्यानं भाषण करावं, तसे कुलूपराव एकेक अक्षर बाहेर काढू लागले. काडीची झालं. पलीकडून 'हं' एवढंच आलं. "आता ए. मोठा ए." मग के, के, ए, एल. 'हं' थांबलं. रांगेतला एक म्हातारा अक्षरं जुळवत ओठ हलवत होता; त्यानं शेजारणीला कोपरानं ढोसलं. एन, ए, एच, आय.

"झालं?" छोटूनं विचारलं.

"शेवटी उद्गारचिन्ह," कुलूपराव म्हणाले. ते नसतं तरी चाललं असतं असं त्यांना आता वाटत होतं.

"ते कुठं असतं?"

"एकच्या बटणावर. शिफ्ट दाबून."

बोटांचा टकटक आवाज आला. मग छोटूनं शांतपणे पॉलिसीचा नंबर वाचला, पुन्हा एकदा सावकाश वाचला, आणि फोन ठेवला.

ऑपरेशन नीट झालं. ते चालू असताना छोटू पिशवी घेऊन आला. तिच्यात ताईचे कपडे होते, चष्मा होता, फोनचा चार्जर होता, तिची उशी होती, कारण दुसऱ्या उशीवर तिची मान धरते. यातलं काहीही कुलूपरावांना सुचलं नसतं. दोघं एका बाकावर, मधे एक माणूस बसेल एवढी जागा सोडून बसले.

"छोटू," कुलूपराव म्हणाले, "ते आपलं... सुरक्षेसाठी असं कुणाला सुचणार नाही ते..."

"चहा आणतो, दाजी," छोटू म्हणाला आणि उठला. चहा त्यानं साखर कमी घालून आणला. दाजींना तसाच लागतो.

चार दिवसांनी बायको घरी आली. उशीला टेकून बसली आणि म्हणाली, "मी सगळं ऐकत होते बरं का."

कुलूपराव मोज्यांची घडी घालू लागले.

"मोठा ए!" असं म्हणून ती हसू लागली आणि पोटाला हात लावून कळवळली. "हसवू नका हो, टाके ओढतात." मग डोळे पुसून म्हणाली, "वाक्य काही खोटं नाही. पण ते म्हणायचा हक्क माझा आहे, तुमचा नाही. आणा तो संगणक इकडे."

त्या दुपारी दोघांनी मिळून नवा पासवर्ड ठेवला. बायकोनं कार्ड उघडलं, बँकेची मर्यादा माणसांत आणली, पॉलिसीची छापील प्रत काढून फ्रिजवर लावली आणि ती चोरानं नेलीच तर तो स्वतःचं अपेंडिक्स काढून घेईल एवढंच, असं जाहीर केलं. सॉफ्टवेअरमध्ये आणखी एक सोय होती. दोघांनाही काही झालं तर घराबाहेरच्या एका माणसाला आतली माहिती उघडता यावी, म्हणून एक 'विश्वासू व्यक्ती' नेमता येत असे. रिकामी चौकट लुकलुकत होती. बायको मुद्दाम खिडकीबाहेर पाहू लागली. कुलूपरावांनी मॅनेजरकाकांचा विचार केला, डॉक्टरीणबाईंचा केला, सरांच्या उणे सात घरांचा केला. मग घसा खाकरून छोटूचा नंबर टाकला.

दुसऱ्या दिवशी कंपनीचं ई-पत्र आलं: 'आपण नेमलेल्या व्यक्तीने आपला संदेश फसवणूक म्हणून नोंदवला आहे. कृपया त्यांना प्रत्यक्ष भेटून खात्री करून द्यावी.'

"जा," बायको म्हणाली. "असल्या गोष्टी फोनवर बोलायला तुम्हाला जमत नाही, हे आपण पाहिलंय."

छोटूच्या दुकानात एक बाई हातात चकचकीत नळ घेऊन उभ्या होत्या आणि तो उलटासुलटा करून बघत होत्या. कुलूपराव आत शिरले तसा छोटू गल्ल्यामागून उठलाच. "दाजी, बरं झालं आलात! तुमच्या नावानं कुणीतरी चोर मेसेज पाठवतोय. म्हणे, तुमच्या दाजींनी विश्वासू म्हणून तुमची निवड केलीय! मी लगेच ओळखलं. म्हटलं, दाजी आणि असं म्हणतील? दिली तक्रार ठोकून."

तो खरोखर खूश दिसत होता. आपण दाजींना वाचवलं, असा आनंद त्याच्या सगळ्या सहा फुटांवर पसरला होता. कुलूपरावांना एकदम खूप वाईट वाटलं.

"चोर नव्हता," ते म्हणाले. "मी होतो."

"तुम्ही?"

"मीच पाठवला. शुद्धीवर असताना."

छोटूनं फोन काढला, मेसेज पुन्हा वाचला, दाजींकडे पाहिलं, पुन्हा मेसेजकडे पाहिलं. "म्हणजे हे... हे जे लिहिलंय..."

"हो."

"सगळं?"

"त्यात कितीसं लिहिलंय! हो, सगळं. आता 'मान्य' दाब बघू."

छोटूनं अंगठा शर्टाला पुसला आणि तो गल्ल्यावर फोन टेकवून, वाकून, फार काळजीपूर्वक दाबू लागला. एवढ्यात त्या बाईंनी हातातला नळ पुढे केला. "अहो, एवढे पैसे घेताय, पण हा गळणार नाही ना? मला काही भरवसा वाटत नाही बाई."

छोटूचं लक्षच नव्हतं. तेव्हा जन्मात कधी कुणाची हमी न दिलेले कुलूपराव पुढे झाले, त्यांनी बाईंच्या हातातून तो नळ घेतला, एकदा नीट ओढून पाहिला आणि छोटूकडे बोट दाखवून म्हणाले, "बिनधास्त न्या. माणूस खात्रीचा आहे."